मागच्या दाराची शाळा

सेलूच्या बाजारात पुंडलिकरावांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान पुढं मोठ्या रस्त्यावर, आणि त्याच्या पाठीला लागून घर. घराला दोन दारं. एक गल्लीत उघडायचं. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी बायका तांदूळ निवडायला बसत आणि तांदळासोबत गावाचेही खडे काढत. दुसरं दार मागच्या सांदीत. तिथून भांडी घासणारी बाई, मांजरी आणि उशिरा घरी येणारे पुरुष, एवढ्यांचीच ये-जा.

या घरात पुंडलिकरावांची बायको आनंदाबाई नांदली, म्हातारी झाली. माहेर तिचं कारंजा घाडग्याकडचं. दुसरीत होती तेव्हा भाऊ झाला आणि त्याला मांडीवर घ्यायला घरात कोणीतरी पाहिजे म्हणून तिची शाळा सुटली. कोणी तिला विचारलं नाही, तिनंही रडून दाखवलं नाही. त्या काळी जी पोरगी घरी राहिली ती घरी राहिली. तिची पाटी पुढं त्याच भावाला कामी आली.

लग्न होऊन ती भांड्यांच्या घरात आली, आणि भांड्यांवर तर नावं घालावी लागतात. लग्नात मामा हंडा देणार, काका परात देणार, आणि देणाऱ्याचं नाव त्यावर कोरलेलं पाहिजे, नाहीतर दिलं कशाला. एकदा दुकानात कोणी नसताना दोन लग्नांची गिऱ्हाइकं एकदमच आली. आनंदाबाईनं अक्षरं लावत बसण्यापेक्षा अंदाजानं भांडी उचलून दिली. एका मामाचा हंडा दुसऱ्याच मामाच्या भाचीकडं गेला. मांडवात जे व्हायचं ते झालं. बाजार हसला, पुंडलिकराव हसले, आनंदाबाईही हसली. मग न्हाणीत जाऊन तिनं तोंड धुतलं, आणि धुतच राहिली.

तेव्हापासून तिच्या मनानं एक घेतलं होतं. या घरातली पोरगी शाळेत जाईल, आणि गल्लीतल्या दारानं, सगळ्यांच्या देखत जाईल.

आता तिची नात आचल. पुंडलिकरावांमागं दुकान पाहणारा मुलगा हेमराज, सून हर्षा, आणि त्यांची ही एकुलती एक. हर्षा वर्ध्याची, बी.ए. झालेली. आचलला गावातल्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आजीला झाला. पांढरा शर्ट, तपकिरी स्कर्ट, गळ्यात टाय. नात निघाली की आनंदाबाई ओट्यावर उभी राहून विनाकारण ओटा झाडायची.

शाळेत मात्र एक नेम होता. मराठी बोललं की बाकावर उभं राहायचं. आणि आचलचं बोलणं तर आजीच्या मांडीवर तयार झालेलं. "मले पानी पायजे" म्हटलं की उभी. "मी नाई केलं" म्हटलं की उभी. पोर हुशार होती, तिनं उपाय शोधला. बोलायचंच नाही. आधी शाळेत बोलेना, मग घरीही बोलेना. भूक लागली का विचारलं तर मान हलवायची. दुसरीचं वर्ष सरता सरता तिचा आवाज कसा होता हे आठवावं लागायला लागलं.

हर्षा शाळेत जाऊन भांडून आली, रडून आली, शेवटी वर्ध्याला गेली. तिथं तिच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, त्यांची लेकरं शाळेत न जाता घरीच शिकत. दोन दिवस राहून आली आणि जेवायच्या पाटावरच सांगितलं.

"आचल आता शाळेत नाई जानार. मी शिकवीन तिले घरी."

हेमराजनं घास हातात धरून विचारलं, "तुले जमंल?"

"नाई जमलं तं शाळा कुठी पळून चालली? पुढच्या साली टाकू."

"माय, तू काय म्हंते?"

आनंदाबाईला काय म्हणायचं होतं ते फार मोठं होतं, तिच्या तोंडात मावलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मले काय समजते बापा त्यातलं." आणि ताट सारून उठली.

रात्रभर नाही, पण दुसरा सगळा दिवस तिच्या डोक्यात तेच. लोक काय म्हणतील? पोरगी मतिमंद आहे म्हणतील. शाळेनं हाकलली म्हणतील. आणि त्याहून खाली, जिथं ती स्वतःही फारशी जात नसे, तिथं एक वेगळीच लाज बसलेली होती. घरी ठेवलेली पोरगी म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. ती स्वतःच ती होती.

जूनअखेर शाळा उघडल्या. दहा वाजता गल्लीतली पोरं दप्तरं घेऊन निघाली. समोरच्या शकुंतलाबाईनं आपल्या नातवाला रवाना केलं आणि सहज विचारलं, "काय वं आनंदा, आचल नाई निघाली?"

"निघालीच ना," आनंदाबाई बोलून गेली. "येनी घालनं बाकी हाये."

शब्द तोंडातून गेला, आता तो निभावणं आलं. ती आत गेली. हर्षा स्वयंपाकात होती. आनंदाबाईनं नातीला मागच्या वर्षीचा गणवेश चढवला, वेण्या घातल्या, पाठीला दप्तर अडकवलं. हर्षाला म्हणाली, "मारुतीच्या देवळात नेतो इले सोबत. जुने कपडे हायेत, घरात झिजवून टाकू." हर्षाला त्यात वावगं दिसलं नाही. सासूनं विरोध केला नाही याचंच तिला इतकं बरं वाटलं होतं, की टाय कशाला हे विचारायचं तिला सुचलं नाही.

गल्लीच्या दारानं दोघी निघाल्या. शकुंतलाबाईसमोरून गेल्या. देवळाला वळसा घातला आणि सांदीतून मागच्या दारानं घरात. आचलनं गणवेश काढला, फ्रॉक घातला आणि आईजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. पाचला शाळा सुटायच्या वेळी उलटं. मागच्या दारानं बाहेर, गल्लीच्या दारानं आत. काही दिवसांत आजीचा तो नेमच होऊन गेला; हर्षाला वाटे, दोन्ही वेळचं देवदर्शन आहे. पावसानं सांदीत चिखल झाला तर लुगडं धरून चालायची, पण नेम मोडला नाही. आचलला तो खेळ वाटला. कोपऱ्यावर आलं की ती आजीचा हात दाबायची आणि दोघी गंभीर तोंड करून चालायच्या.

आणि घरात खरोखरच शिकणं चाललं होतं. आनंदाबाईला ते शिकणं वाटत नसे, पण दिसत तर होतं. हर्षा आचलला दुकानात घेऊन बसायची. कोरायला आलेली नावं आचलनं वाचायची, कागदावर लिहायची, मगच हेमराज मशीन चालवायचा. तराजूवर पितळेची मोड, म्हणजे मोडकी भांडी, तोलायची. जमिनीवर खडूनं सेलू काढायचं, सेलूपासून वर्धा, इकडं बोर धरण, आणि मग एखाद्या दिवशी एसटीनं खरंच धरणावर जाऊन यायचं. श्रावण लागेपर्यंत पोरगी बोलायला लागली. आधी दुकानात, मग घरात, मग इतकी की हेमराज म्हणाला, "आता हिले चूप बसाचं शिकवा थोडं." दुपारी ती आजीला पेपर वाचून दाखवायची. सोन्याचा भाव, नागपूरचं हवामान, कोणाचं निधन. आनंदाबाई म्हणायची, "चष्मा नाई माह्याजवळ, म्हून वाचजो." चष्मा उशाशी असायचा.

"आई, तुमीबी शिकवा ना तिले काई," हर्षा एकदा म्हणाली.

"मी काय मास्तरीन हाव का?" आनंदाबाई म्हणाली.

पण शिकवत तर तीही होती. पाचला घरात शिरताना शकुंतलाबाई ओट्यावरून विचारायची, "काय शिकवलं वं आज बाईनं?" पहिल्यांदा आचल गप्प राहिली. आजीनं हळूच तिचा खांदा दाबला. पुढच्या वेळी आचल म्हणाली, "पाढे." त्यापुढं तिला रंग चढला. आज बाईंनी छडीच आणली नव्हती. आज आमच्या वर्गात बेडूक आला, बाई खुर्चीवर चढल्या. अशी शाळा तिनं उभी केली की शकुंतलाबाई तांदूळ ठेवून ऐकायची. घरात आल्यावर आनंदाबाई तिच्या हातावर गूळ आणि शेंगदाणे ठेवायची. पोर इतकं छान बोलते याचं कौतुक, दुसरं काय. गूळ कशाचा दिला, याचा विचार त्या वेळी तिच्या मनाला शिवला नाही.

मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. आमच्याकडं खऱ्या बैलांच्या सणापेक्षा लेकरांच्या लाकडी बैलांची धामधूम जास्त. चाकांवरचे नंदी, दोरीनं ओढत पोरं मैदानात आणणार, तोरणाखाली रांग लावणार, सजावटीला बक्षीस, आणि मग घरोघर नंदी नेला की पूजा करून पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे.

आचलनं आणि हर्षानं मिळून नंदी सजवला होता. दुकानातल्या पितळी पत्र्याच्या कातरणांची झूल केली होती, उन्हात अशी चमकत होती की पोरं रांग सोडून पाहायला येत होती. मैदानात माइकवर श्रीधर गुरुजी होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावानं गोड. स्टेजवर खुर्च्यांवर परीक्षक, त्यात इंग्रजी शाळेतल्या एक बाईही होत्या. सजावटीचं दुसरं बक्षीस आचलला मिळालं.

ती स्टेजवर गेली. बायकांच्या घोळक्यात हर्षा आणि आनंदाबाई शेजारी उभ्या. गुरुजींनी माइक खाली वाकवला.

"नाव काय बेटा?"

"आचल."

"वा. कोणत्या शाळेत जाते? वर्ग कोणता?"

आचलनं मान वळवली आणि घोळक्यात शोधू लागली. हर्षाला वाटलं आपल्याला शोधते, तिनं हात वर केला. आचलची नजर आईवरून पुढं सरकली आणि आजीवर येऊन थांबली.

ती नजर काय विचारत होती, ते तिथं एकट्या आनंदाबाईला कळलं. कोणतं सांगू, आजी? घरातलं की गल्लीतलं?

भोवती सगळा बाजार उभा होता. माहेरकडची चार माणसं होती, शकुंतलाबाई होती. आनंदाबाईची मान हलली. थोडीच हलली, पण हलली: रोज गल्लीत सांगते तेच सांग. आचलला तेवढं पुरलं.

तिनं माइकवर इंग्रजी शाळेचं नाव घेतलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "वर्ग तिसरा."

खुर्चीवरच्या बाई चमकल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण माइक जवळ होता. "नाही हो गुरुजी, ही या वर्षी आमच्याकडं नाहीये. हिचं नाव काढून नेलं."

आधी कोणाला समजलं नाही. मग पोरांच्या रांगेतून कोणीतरी "खोटारडी" म्हणालं आणि हशा पिकला. गुरुजींनी घाईघाईनं, "असू दे, असू दे, टाळ्या वाजवा," म्हणत तिच्या हातात स्टीलचा डबा दिला. डबा हेमराजच्याच दुकानातून गेलेला होता.

आचल खाली आली. रडली नाही. नंदीची दोरी मनगटाला गुंडाळून आजीसमोर उभी राहिली आणि आईच्या देखत, बायकांच्या देखत म्हणाली, "तूनं मान हालवली म्हून सांगतलं मी. चुकलं का माह्यं?"

आनंदाबाईला नातीच्या चेहऱ्याकडं पाहता येईना, सुनेकडं तर नाहीच. ती नंदीच्या चाकाकडं पाहत राहिली.

घरी येईपर्यंत हर्षानं लेकीकडून सगळं काढून घेतलं होतं. देऊळ, सांदी, दप्तर, बेडूक, गूळ. हर्षा ओरडली असती तर आनंदाबाईला सोसलं असतं. तिनंही चार शब्द सुनावले असते आणि तिखट-मीठ लागून भांडण नेहमीसारखं संपलं असतं. पण हर्षा ओरडली नाही. गणवेश दोरीवरून काढून तिनं पोतेऱ्याच्या कपड्यांत टाकला आणि चहा मांडला.

बाहेर पोरं नंदी घेऊन दारोदार फिरत होती. आचल मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती.

"जा ना वं, बोजारा आन," हेमराज म्हणाला.

तिनं मान हलवली.

"भूक लागली?"

मान हलवली.

हर्षा चहाचा कप सासूसमोर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "आई, शाळेत होती तवा अशीच बसत होती ते. पाहून घ्या."

कप तसाच राहिला. आनंदाबाईनं भिंतीशी बसलेल्या पोरीकडं पाहिलं. शाळेनं वर्षभर बाकावर उभं करून जे केलं होतं, ते तिनं गूळ देऊन केलं होतं. शाळेनं तोंड बंद केलं होतं, तिनं ते उघडून त्यात दुसऱ्याच गोष्टी घातल्या होत्या. आणि कशासाठी, तर ओट्यावर बसणाऱ्या बायकांसाठी. तिला स्वतःच्या हातांची लाज वाटली. याच हातांनी रोज वेण्या घातल्या होत्या.

ती उठली. नंदीची दोरी आचलच्या मनगटावरून सोडवून स्वतःच्या हातात घेतली. "चाल माह्यासंगं."

"मले नाई याचं."

"बोलू नको कोनाशी. मीच बोलतो. तू फक्त चाल."

म्हातारी बाई लाकडी नंदी ओढत गल्लीत निघाली. पोरांनी हसायला तोंडं उघडली आणि हेमराजनं दुकानाच्या पायरीवरून डोळे वटारले तशी मिटली. नंदीचं एक चाक अडकत होतं, दर चार पावलांवर तिला वाकावं लागत होतं. आचल दोन हात अंतर ठेवून मागं.

समोरच्या ओट्यावर आनंदाबाई थांबली. शकुंतलाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. नंदीला कुंकू लावेपर्यंत आनंदाबाई तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होती, आणि ऐन वेळी ते तुकड्यातुकड्यांनीच निघालं.

"शकुंतला. हे आमची आचल... शाळेत नाई जात. घरी शिकते. आई शिकवते इची. शाळा उघडल्यापासून... मी जे सांगत होतो ना तुले, ते समदं... लबाडी होती. माह्यी. पोरीची नाई."

शकुंतलाबाई ताट धरून उभी राहिली. "मले काऊन सांगून राह्यली वं? माह्या न्हाणीच्या खिडकीतून तुह्यं मागचं दार दिसते. पह्यल्या दिवसापासून पाहून राह्यलो आमी समदे. सून बी पाहे, नातू बी पाहे."

आनंदाबाईचा हात दोरीवरच राहिला. सांदीतल्या चिखलातून लुगडं उचलून जाणारी एक म्हातारी तिच्या डोळ्यांपुढं आली. मागून, खिडकीतून दिसली असेल तशी.

"मंग रोज इचारत काऊन होती, काय शिकवलं म्हून?"

"पोट्टी सांगे मजेदार," शकुंतलाबाई म्हणाली. मग नंदीवर अक्षता टाकत, "अन् तुले बरं वाटे ना."

यावर आनंदाबाईला कुठं पाहावं ते कळेना. लोकांपासून लपवलं म्हणून लाज, ते लपलंच नव्हतं म्हणून त्याहून मोठी, आणि गल्लीनं तिच्यावर दया केली होती, ही तर सगळ्यांत जड. ही दया शकुंतलाबाई भाजीत मीठ कमी पडल्यासारखी सहज बोलून गेली.

मागून आचलचा आवाज आला. "शकुंतलाआजी, मी सांगत होती ते तुमाले खोटं हाये म्हून समजे?"

"समजे ना बेटा."

"मंग मले म्हटलं काऊन नाई?"

शकुंतलाबाईनं तिच्या हातावर चिरोटा ठेवला आणि वर आणखी एक ठेवला.

पुढच्या घरी आनंदाबाई पायरीखालीच थांबली. दोरी तिनं आचलच्या हातात दिली. दारात त्या घरची थोरली सून होती, बाहेरगावची, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "किती छान नंदी हाये. कितवीत हायेस वं तू?"

आचलनं मागं वळून पाहिलं.

आता मान हलवावी की नाही, हलवली तर कशी, हे आनंदाबाईला ठरवायचंच नव्हतं. तिनं पदर पुढं ओढला आणि नातीकडं पाठ करून गल्लीकडं तोंड केलं. पाठीमागं काहीच ऐकू येईना. चुलीतला धूर गल्लीत पसरत होता, कोणाची तरी पोरं पोळ्याची गाणी, झडत्या, ओरडत चालली होती, आणि तिला वाटलं की पोर आता बोलतच नाही, आता नंदी टाकून पळते. तरी ती वळली नाही.

"मी घरी शिकतो," आचल म्हणाली. इतकं हळू की त्या सुनेनं पुन्हा विचारलं, आणि आचलनं पुन्हा सांगितलं.

पुढं आचल चांगली शिकली. दहावीला बाहेरून बसली, पास झाली. घरी शिकवायचं कसं म्हणून दुसऱ्या गावच्या आया हर्षाला विचारायला येऊ लागल्या, आणि आनंदाबाई त्यांना चहा करून द्यायची. पण आचलची एक सवय फार वर्षं गेली नाही. कोणी काही विचारलं, अगदी जेवलीस का विचारलं, तरी उत्तर देण्याआधी ती क्षणभर आजीकडं पाहायची. येणाऱ्या बायकांना वाटायचं आजीवर किती जीव आहे पोरीचा. आनंदाबाई तोंड फिरवून चहाचं भांडं धुवायला घ्यायची, आणि पोर स्वतःचं स्वतः बोलेपर्यंत धूत राहायची.